दुसऱ्याच्या नावानं बुडी

आमच्या काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यात प्रेमलाशी भांडलेलं माणूस शोधून सापडायचं नाही, मी सोडून. मी समोरच्या घरातली प्रभावती. मुलींच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाले, तोंड मात्र अजून नोकरीत आहे. आमचं दोघींचं भांडण मिठावरून, नळावरून, गल्लीत ठाण मांडून बसणाऱ्या सांडावरून, कशावरूनही जुंपायचं आणि संध्याकाळी तीच वाटीभर आमटी घेऊन यायची. हल्ली ती भांडत नाही. मला मेलं चैन पडत नाही.

तिचे यजमान ढुंढिराज गुरुजी. दशाश्वमेध घाटावर बसायचे. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे संकल्प, श्राद्धं, सगळं करायचे. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला रजा नाही, अशी माणसं फोनवर सांगायची, "गुरुजी, आमच्या नावानं एक बुडी मारा." गुरुजी कडाक्याच्या थंडीतसुद्धा नाव-गोत्र उच्चारून बुडी मारायचे. "सर्दी तुम्हाला आणि पुण्य नागपूरला," असं मी चिडवायची. ते नुसते हसायचे. ते गेले तेव्हा मुलगा केयूर कॉलेजात होता. मग प्रेमलानं यात्रेकरूंना पोळीभाजीचे डबे देऊन घर चालवलं.

केयूर डावरा. गुरुजींच्या घरात डावरं पोर म्हणजे पंचाईतच! आचमन डाव्यानं, प्रसादाला डावा हात, नमस्कारही डाव्यानंच. प्रेमलानं लाटण्यानं मारून मारून त्याला उजव्याची सवय लावली. लागली, पण अर्धीच. आधी डावाच हात निघायचा, मग चटका बसल्यासारखा मागे जायचा आणि उजवा पुढे व्हायचा. आम्ही सगळे त्याला हसायचो.

घाटावर बसायचं नाही, सरकारी नोकरीच करायची, असं त्याचं ठरलेलं. पहिल्या वेळी पेपर फुटला, परीक्षा रद्द. दुसऱ्या वेळी निकालच अडकला. तिसऱ्या वेळी पुन्हा पेपर फुटला, आणि इकडे वयाची अट संपत आली. पोरं एका खोलीत चौघं चौघं राहतात, खिचडीवर दिवस काढतात, गाइडं घोकून घोकून पाठ करतात, आणि कुणीतरी मेला पेपर विकून मोटार घेतो. ह्या पोरांना राग येऊ नये म्हणणाऱ्याला मी आमच्या गल्लीतून चालू देणार नाही. पण राग येणं वेगळं आणि दगड उचलणं वेगळं, हेही मी तितक्याच मोठ्यानं सांगते.

ही तिसरी परीक्षाही रद्द झाल्याचं कळलं त्या दिवशी पोरं रस्त्यावर उतरली. वर्षानुवर्षं उराशी धरलेली गाइडं त्यांनी रस्त्यावर फेकली. आधी घोषणा झाल्या, मग लाठी, मग पळापळ, मग दगड. गर्दीत एक बस अडकली होती, ती कुणीतरी पेटवली. त्याआधीच चालकाच्या उजव्या डोळ्यावर दगड बसला होता. प्रल्हाद त्याचं नाव, गंगेपलीकडच्या रामनगरचा. जीव वाचला, डोळा गेला. केयूर त्या संध्याकाळी घरी आला, न जेवता झोपला, आणि सकाळी "पुण्याला मामाकडे जातो" म्हणून निघून गेला.

पोलिसांनी धरलं यज्ञेशला. मागच्या गल्लीतला, केयूरच्याच कोचिंगमधला. दगडही त्यानंच मारला आणि बसही त्यानंच पेटवली, असं ठरलं. चहाच्या दुकानावर दोन पक्ष पडले. एक म्हणे, सगळ्यांना उलटं टांगा. दुसरा म्हणे, बच्चे हैं, छोड़ दीजिए. मला दोघांचाही संताप आला. पोरं आहेत म्हणून सोडायचं, तर प्रल्हादचा डोळा काय आपोआप गेला? आणि नुसती घोषणा देणाऱ्याला पेटवणाऱ्याइतकीच शिक्षा? सुक्याबरोबर ओलंही जाळायचं, ह्याला न्याय म्हणत नाहीत, शेकोटी म्हणतात.

मग तो व्हिडिओ आला. माझ्या फोनवर आला, मी प्रेमलाला दाखवला. तोंडाला गमछा बांधलेला, निळ्या चौकड्यांच्या शर्टातला एक मुलगा धावत येतो. यज्ञेशकडे तसलाच शर्ट, म्हणून तो आत. धावताना मुलाचा पाय रस्त्यावरच्या पुस्तकाला लागतो. तो थांबतो, वाकतो. डावा हात पुस्तकाकडे जातो, मागे येतो, उजवा पुढे होतो, पुस्तकाला लागून कपाळाला लागतो. मग तो शेजारचा दगड उचलतो आणि डाव्या हातानं फेकतो.

प्रेमलानं फोन परत दिला आणि कणीक मळायला बसली. बराच वेळ मळत राहिली.

"प्रभाताई, हा माझा आहे," ती म्हणाली.

"मला दिसलं गं," मी म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर आमच्याच घरचा. तिनं माझ्यासमोरच केयूरला फोन लावला. त्यानं नाकारलं नाही.

"सगळेच फेकत होते, आई."

"यज्ञेश आत आहे."

"सुटेल तो. वकील आहे ना त्याचा! आणि पेपर फोडणाऱ्यांचं काय? पहले उनको पकड़ो ना! आमची उमर गेली, ती कोण देणार?"

"ते तुझं अगदी बरोबर आहे. ते चौकात उभा राहून विचार, मी शेजारी उभी राहीन. पण तुझा दगड यज्ञेशच्या गळ्यात का?"

त्यानं फोन ठेवून दिला. त्यानंतर फोन उचललाच तर "ठीक आहे, बिझी आहे" एवढंच म्हणायचा.

मी तिला म्हटलं, गप्प बैस, पोटचा गोळा आपल्या हातानं तुरुंगात घालतेस की काय! ती गप्प बसली, पण स्वतःच्या रीतीनं. पहाटे गंगेवर जायची आणि केयूरचं नाव-गोत्र उच्चारून बुडी मारायची. मग डबा भरायची आणि रिक्षानं पुलावरून रामनगरला, प्रल्हादच्या घरी. आपण कोण हे तिनं सांगितलं नाही. कुठल्यातरी संस्थेची बाई असेल, असं त्यांना वाटलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, हिचा नेम चालूच. काशीत सगळं दुसऱ्याच्या नावानं करता येतं, हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून बघत होती. तिचं चुकलं असेल, पण दुसरं काही तिला ठाऊकच नव्हतं.

शेवटी एक दिवस न राहवून तिनं प्रल्हादला खरं सांगून टाकलं. "दगड माझ्या मुलानं मारला. त्याच्या नावानं मी हे करते."

प्रल्हादनं डब्याचं झाकण लावलं आणि डबा तिच्याकडे सरकवला. "माताजी, जेवण चांगलं असतं तुमचं. पण दगड तुम्ही मारला नाही, मग माफी तुम्ही कशी मागता? गंगाजीत दुसऱ्याच्या नावानं डुबकी लागत असेल. माझ्या दारात नाही लागत. उसको भेजिए."

ती परत आली आणि माझ्या पायरीवर बसली. "यजमानांनी जन्मभर लोकांचं पुण्य वाहून दिलं, प्रभाताई. मला वाटलं, पापही वाहता येत असेल."

तिनं केयूरला पुन्हा फोन केला. मी उठून जायला लागले, तर तिनं माझा पदर धरला. "केयूर, ठेवू नकोस फोन. तुझ्या नावानं सगळं करून बघितलं, लागत नाही रे. तू ये. आलास की धरतील, शिक्षा होईल, मला ठाऊक आहे. तू मला घरी हवा आहेस. जिन्यात कुणी खोकलं तरी तू आलास वाटून मी उठून बसते. इतका हवा आहेस, तरी ये म्हणते."

दिवाळीच्या आधी तो आला. वाळला होता, दाढी वाढली होती. प्रेमलानं त्याला पोटभर वरणभात घातला, आणि आम्ही तिघं रामनगरला गेलो. ठाण्यावर नंतर जाऊ, आधी तिथं, असं त्याचंच म्हणणं. मी गेले कारण प्रेमला माझा पदर सोडेना.

प्रल्हाद अंगणात खाटेवर बसला होता. कोण आलं ते प्रेमलानं सांगितलं. केयूर त्याच्या पायाशी वाकला. डावा हात पुढे गेला, चटकन मागे आला, आणि उजवा पायाला लागला. प्रल्हादनं त्याचं मनगट घट्ट पकडलं.

"किताबवाला," तो म्हणाला. "तू किताबवाला लडका आहेस."

केयूरनं मान वर केली.

"मी काचेतून सगळं बघत होतो. ज्याच्या त्याच्या हातात दगड. मी सीटखाली शिरणार होतो. तेवढ्यात तू दिसलास, किताबला नमस्कार करताना. मला वाटलं, हा चांगल्या घरचा आहे, हा नाही मारणार. म्हणून मी वाकलो नाही, बेटा."

केयूर तिथेच जमिनीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मीही रडले, लपवायचं काय त्यात! प्रल्हादनं त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "कोर्टात मी सांगेन. दगड ह्याचा, आग ह्याची नाही. जेवढं केलं तेवढं भोग. त्याच्यावर एक दिवस जास्त मलाही नको."

केयूर तिथूनच ठाण्यावर हजर झाला, आणि कोर्टात प्रल्हादनं तसंच सांगितलं. यज्ञेश सुटून घरी आला. केयूरला दोन वर्षांची शिक्षा झाली, दगडाची, तेवढीच. पेपर फोडणाऱ्यांचा खटला अजून चालू आहे, ते मात्र जामिनावर बाहेर मिरवताहेत. त्यांचं माप कोण घेणार, असं मी रोज मोठ्यानं विचारते, लोक मला वेडी म्हणतात.

प्रेमला अजूनही पहाटे गंगेवर जाते. आता केयूरच्या नावानं बुडी मारत नाही. "त्याचं तो करतोय," म्हणते. काल मीच मुद्दाम कुरापत काढली, आमटीत गूळ जास्त झालाय म्हणून. ती भांडली नाही. लाटणं हातात धरून बसून राहिली.

"ह्याच लाटण्यानं मारलंय गं त्याला," ती म्हणाली. "हात पुढे आला की मारायची. आला की सांगणार आहे, बाबा, डाव्यानं जेव, डाव्यानं नमस्कार कर, कुठल्याही हातानं कर. तू फक्त ये."