मोकळ्या तारा

त्याला सगळे ‘खोडरबर’ म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. पोटापाण्यासाठी हा गृहस्थ लोकांच्या घरचे पियानो सुरात लावून द्यायचा आणि उरलेल्या वेळात एकच रचना लिहीत बसायचा, चेलो आणि पियानोसाठी. पियानो त्याचा; चेलो, म्हणजे ते पायांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, त्याच्या ताईचा. ताईने वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसून तीस वर्षं इमानेइतबारे काढली होती. “तू निवृत्त झालीस की फक्त आपल्या दोघांचं काहीतरी लिहीन,” असं तो बोलून बसला. ती निवृत्त झाली, त्यालाही अकरा वर्षं झाली.

दर रविवारी सकाळी ताई पाठीवर चेलो घेऊन तीन जिने चढून यायची. दीड पान वाजवून होतंय तोच हा हात वर करायचा. “थांब.” मग खोडरबर, फुंकर आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून.

“अरे, एकदा तरी शेवटपर्यंत जाऊ दे की!”

“शेवट अजून बसत नाहीये, ताई.”

“तोवर मी म्हातारी होईन.”

“झालीच आहेस,” तो म्हणायचा, आणि दोघं हसायची.

गेल्या वर्षी तिचे सूर उतरायला लागले. ह्याने लगेच पकडलं. त्यात तिने वरच्या सुरांच्या काही जागा बदलून मागितल्या, तर साहेबांचं डोकंच फिरलं. “सराव कर जरा. रचनेत हात घालू नकोस.” ताईने पुन्हा गज उचलला. एवढा तिखट कान, पण सूर का उतरतोय हे काही त्या कानात शिरलं नाही. तिच्या डाव्या हाताची बोटं आखडत चालली होती. तार दाबली जात नव्हती. हे त्याला भावोजींकडून कळलं, तेही ताईने यायचं बंद केल्यावर.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुनं बाड बाजूला टाकून त्याने एकोणीस दिवसांत नवी रचना लिहिली. चेलोच्या चारही तारा मोकळ्या ठेवायच्या. डाव्या हाताला कामच नाही, उजव्या हाताने नुसता गज ओढायचा. बाकी सगळी धावपळ पियानोची. एकदाही न खोडता लिहून झालं आणि त्याने ताईला बोलावलं.

ताई आली ती रिकाम्या पाठीने.

“चेलो कुठाय?”

“दिला एका मुलीला. खूप सराव करते ती.”

त्याने कागद पुढे केले. ताईने उभ्याउभ्याच पहिलं पान वाचलं.

“हे मला जमलं असतं रे,” ती म्हणाली. मग नेहमीच्या खुर्चीवर बसली. समोर जमिनीच्या लाकडी फळीत चेलोच्या खालच्या अणकुचीदार टोकाने पाडलेला खळगा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना तिने पाय ठेवले. “तू वाजव. माझ्या जागा मी मोजते.”

तो वाजवत गेला. शेवटची आठ आवर्तनं एकट्या चेलोची होती. त्याने हात मांडीवर घेतले.

“एक, दोन, तीन, चार. दोन, दोन, तीन, चार...” पहिल्या मात्रेवर आवर्तनाचा आकडा घेत ती मोजत गेली. सहाव्या आवर्तनाला ती अडखळली.

“थांब, ताई.”

“नाही. आज शेवटपर्यंत.”

तिने उरलेली मोजली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोघं शेवटाला पोचली, आणि तिचा एकही सूर वाजला नव्हता.