सत्तेचाळीस किलोची सवारी

गल्लीत गाड्या दुरुस्त करणारे चार जण होते, पण शॉकअपचं, म्हणजे दणके झेलणाऱ्या स्प्रिंगांचं, काम निघालं की चौघेही एकाच दाराकडे बोट दाखवायचे. त्या दारामागे उस्ताद बसायचे. पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. कुणी इंजिनाचं नाव काढलं तर म्हणायचे, "तो आपला प्रांत नाही." मोजमापाची भानगडच नाही. सीटवर तळहात ठेवायचा, अंगाचा भार टाकून दोनदा दाबायचं आणि निकाल सांगायचा. तो निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नव्वद किलोचा माणूस दाबतोय म्हटल्यावर कुठलीही स्प्रिंग दबणारच, हे त्यांच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती.

एका सोमवारी त्यांच्याकडे पहिलवानाची मुलगी आली. पहिलवान हा उस्तादांचा जिवलग मित्र. जन्मात कधी कुस्ती खेळला नव्हता, पण वजन एकशे दहा किलो, म्हणून पहिलवान. मागच्या वर्षी तो गेला आणि त्याची मोटरसायकल मुलीकडे आली. खास त्याच्या वजनासाठी उस्तादांनी घातलेल्या ताठ स्प्रिंगाही अर्थात गाडीबरोबर आल्या. मुलगी शाळेत शिकवायची, आणि वह्यांची पिशवी धरून तिचं वजन भरायचं सत्तेचाळीस किलो.

"काका, शाळा बारा किलोमीटर लांब आहे," ती म्हणाली. "प्रत्येक खड्ड्यात उडते मी. वळणावर मागचं चाक रस्ता धरतच नाही. आई म्हणते, विकून टाक. शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला नाही विकायची. पण जीव मुठीत धरून किती दिवस चालवू?"

"एवढंच ना? पाळणा करून देतो तुला."

उस्तादांनी पाना लावून मागच्या स्प्रिंगांचा ताण ठरवणारी कडी एक खाच उतरवली, तळहाताने सीट दाबली आणि म्हणाले, "लोणी!" मंगळवारी ती परत आली. आणखी एक खाच उतरली, आणखी एकदा लोणी झालं. गुरुवारी मात्र ती गाडी ढकलत आली, कोपराला पट्टी बांधून.

उस्तादांचा पारा चढला. "तुला चालवता येत नाही, त्याला मी काय करू? तुझ्या बापाने कधी एक तक्रार केली नाही!"

ती गाडी सरळ करून तिच्यावर बसली. "आता बघा, काका."

उस्तादांनी पाहिलं. सीट हललीसुद्धा नव्हती. शेजारच्या शिंप्याकडून त्यांनी टेप मागून आणली, तेव्हा शिंपी आणि टेप दोघेही चकित झाले असतील. आधी रिकामी गाडी मोजली, मग मुलीला बसवून मोजली. तीन सेंटीमीटर तरी खाली बसायला हवी होती, बसली आठ मिलिमीटर.

खरं तर खाचांचा खेळ इथे चालणार नाही, हे उस्तादांना सोमवारीच कळायला हवं होतं. कळलंही होतं. स्प्रिंगाच बदलायला हव्या होत्या, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. त्या निवडायला एक अख्खा रविवार गेला होता. पहिलवान चाळीस वेळा गाडीवर बसला होता, चाळीस वेळा उतरला होता आणि प्रत्येक वेळी उस्तादांना शिव्या घातल्या होत्या. त्या स्प्रिंगा काढायच्या म्हणजे मित्राला दुसऱ्यांदा पोचवायला जायचं. एवढी हिंमत उस्तादांकडे नव्हती. आणि त्यापायी त्याची पोर रस्त्यावर आपटली होती.

"चूक माझी आहे, पोरी," ते म्हणाले. पस्तीस वर्षांत हे वाक्य त्या दुकानात कुणी ऐकलं नव्हतं. "तुझ्या बापाला गाडीवरून उतरवायला माझा हात धजत नव्हता. पण मग तू बसणार कुठे?"

दुपारपर्यंत मागच्या दोन्ही स्प्रिंगा निघाल्या आणि हलक्या बसल्या. पुढच्या चाकाच्या फोर्कमध्ये स्प्रिंगा ताठ राहाव्यात म्हणून त्यांच्यावर पाइपचे लांब तुकडे घातले होते, तेही काढून त्यांनी आखूड कापून बसवले, पातळ तेल भरलं. दर टप्प्यावर तिला बसवायचं, टेप लावायची, उतरवायचं. सीटवर तळहात त्यांनी एकदाही ठेवला नाही. शेवटी टेपवर तीनचा आकडा आला.

ती चक्कर मारायला गेली. गल्लीच्या टोकाच्या खड्ड्याकडे उस्ताद कान लावून उभे राहिले. नेहमीचा दणका आला नाही. बऱ्याच वेळाने ती परतली, पण गाडी बंद करून तशीच बसून राहिली.

"काय गं? अजून दणके बसतात?"

तिने नकारार्थी मान हलवली. "लहानपणी बाबांच्या मागे बसायचे ना, तेव्हा ही अशीच मऊ लागायची."

मग तिने आईला फोन लावला आणि उद्याच्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवायला सांगितलं. उस्ताद तिथेच, भर गल्लीत, तोंड न फिरवता रडले.