आप्पांनी छापलेली चित्रं आज लिलावात गेली

मंडळी, सिल्वासात नवीन सुरू झालेल्या सायबर कॅफेत बसून आपल्या ग्रुपला हा मेल लिहितेय.

आज दुपारी मुंबईत आमचा चित्रसंच लिलावात विकला गेला. दहा रंगीत लिथोग्राफ, प्रत्येकावर चित्रकाराची सही. बारा वर्षांपूर्वी या चित्रकाराने इथून जवळच्या अथालला लिथोग्राफचं, म्हणजे दगडावरच्या छपाईचं यंत्र बसवलं होतं. धुळ्याहून आलेले माझे आप्पा तिथे छपाई करायचे. गाव सोडताना त्याने हा संच आप्पांना भेट दिला.

माझ्या धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी तो विकायचा, हे आप्पांनीच ठरवलं. तरी गठ्ठा बांधताना त्यांचे डोळे भरून आले होते.

लिलाव संपल्यावर घरी फोन आला. संच घेणाऱ्या बाईंनी लिलाववाल्यांकडून आमचा नंबर घेतला होता. त्या मला म्हणाल्या, "छपाई करणाऱ्यांशी बोलायचंय. तिसऱ्या चित्रातला लाल रंग इतका गडद कसा आला, ते विचारायचंय."

मी आप्पांना फोन दिला.

"तो दोनदा छापलाय, ताई," आप्पा सांगू लागले. "पहिला हात पुरता वाळू दिला, मग दुसरा दिला."

चांगली दहा मिनिटं बोलले. फोन ठेवून म्हणाले, "इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं."

मीसुद्धा नाही. त्या बाईंचे मनापासून आभार.

तुमचे वडील कामावर नेमकं काय करायचे, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय का?