डबाभर करवंदं

बायको चांगुणा वारल्यापासून मल्हारीचं तोंडच मिटलं होतं. मान खाली घालून मशीन चालवायचा आणि घरी जायचा, बस्स. एकदा कारखान्याची लाइट गेली, सुट्टी झाली, आणि दोस्तांनी त्याला ओढतच जीपमध्ये बसवून सुरगाण्याच्या डोंगरात नेलं. जाळ्या करवंदांनी काळ्याभोर झाल्या होत्या. करवंद चावण्याआधी ओळखायचं: आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. मल्हारी दरवेळी हरला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. निघताना त्याने जेवणाचा रिकामा डबा करवंदांनी गच्च भरून घेतला.

घराचं दार ढकलता ढकलताच त्याने आत हाक दिली, “अगं, सांग बरं, कोंबडा की कोंबडी?”

हातातलं कुलूप त्याला मग दिसलं.