आईच्या फोटोतला मी

मंदीत दुबईची नोकरी गेली तेव्हा बायको-मुलीला पुण्याला पाठवलं आणि मिळेल त्या पगारावर मी अबुधाबी गाठली. त्यांना परत आणण्याइतका पगार पुढे कधी झालाच नाही. वर्षं गेली. शुक्रवार तेवढा अंगावर यायचा. अशाच एका शुक्रवारी मी मॉलमध्ये एकटा कार्टून सिनेमा बघून आलो. पन्नाशीचा बाप्या, आणि आजूबाजूला पॉपकॉर्न सांडणारी पोरं! गोष्ट मेक्सिकोची होती. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, गेलेली माणसं झेंडूच्या पाकळ्यांवरून घरी येतात, पण घरात ज्याचा फोटो मांडलेला असेल त्यालाच येता येतं.

ऑफिसात माझ्यासमोर एक मेक्सिकन बाई बसायच्या. त्यांना विचारलं, "हे खरं, की सिनेमावाल्यांच्या थापा?"

बाई खुलल्या. सिनेमात डोंगरावर चढत गेलेली ती रंगीत घरं म्हणजे थेट त्यांचं गाव. चौकातले गिटारवाले खरे, भडक रंगवलेले लाकडी प्राणी खरे, थडग्यांपाशी मेणबत्त्या लावून बसणंही खरं. "फक्त सिनेमात सगळे गातात," त्या म्हणाल्या, "माझी आजी त्या दिवशी सगळ्यांवर ओरडत असायची."

मग त्यांनी माझ्या घरच्यांबद्दल विचारलं आणि मी आईबद्दल बोललो. ती गेली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसा बदलायला गेला होता. तिचा दहावा मी फोनवर ऐकला. कावळा शिवला, असं भावानं सांगितलं. मी बरं म्हणालो आणि कामाला लागलो. तिला निरोप द्यायचा राहिला तो राहिलाच.

"या नोव्हेंबरात माझ्या घरी बोलवा तिला," बाई म्हणाल्या. "फोटो आणा. आणि झेंडू कुठे मिळतो तेवढं सांगा."

ते मला विचारायचं? दुबईला जाऊन बर दुबई भागातल्या देवळाच्या गल्लीतून दोन पिशव्या झेंडू घेतला आणि अबुधाबीच्या बसमध्ये बसलो. पण फोटोचं अडलं. माझ्याजवळ आईचा एकच फोटो, विमानतळावरचा, आणि त्यात शेजारी मी. फोनवर बायको उखडलीच.

"अहो, वेड लागलंय का? जिवंत माणसाला गेलेल्यांत बसवतात का? मी इलेक्शन कार्डावरचा व्हॉट्सअ‍ॅप करते. नाहीतर तुमचा पार्ट कट करा."

इलेक्शन कार्डावर आई चोराकडे बघावं तशी बघते. तिला तशी कशी बोलवायची?

बाईंच्या हॉलमध्ये टेबलावर गोड पाव, पाण्याचा ग्लास, मीठ आणि त्यांच्या रागीट आजीचा फोटो मांडलेला होता. मी फुलं लावली. माझा फोटो बघून बाईही अडखळल्या. जिवंत माणूस त्यांच्यातही चालत नाही. त्यांनी कात्री आणून दिली.

मी फोटो उजेडात धरला. इतकी वर्षं पाकिटात असून माझ्या लक्षात आलं नव्हतं, आईनं माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली होती. कुठूनही कापलं तरी तिची बोटं तुटत होती.

मी कात्री खाली ठेवली आणि फोटो होता तसाच आजीशेजारी उभा केला.

"असू दे," मी म्हणालो. "फार तर मला घेऊन जाईल."

बाई हसल्या नाहीत. मीही गंमत करत नव्हतो.