उधाणाच्या दिवशीची खुर्ची

आमच्या आळीला फुकटची करमणूक हवी असली की लोक आमच्या जिन्याकडे बघतात. पावसाळ्यात अमावस्या किंवा पौर्णिमा आली आणि आभाळ भरून आलं, की मी नवऱ्याला खुर्चीत बसवते, खुर्ची बांबूंना बांधते आणि वरच्या मजल्यावर चढवते. "निघाली काकांची वरात," असं समोरचे दुकानदार म्हणतात. म्हणू देत. माझा माणूस मी पाण्यात सोडणार नाही, आणि घरही सोडणार नाही. मला दोन्ही हवंय, आणि ते मागायला मी कुणाच्या बापाची परवानगी घ्यायला गेलेली नाही.

वाशिष्ठीच्या काठी राहायचं म्हणजे पुराशी ओळख ठेवूनच राहायचं. वर अलोऱ्याकडे पाऊस कोसळला आणि त्याच वेळी खाली दाभोळकडून खाडीला उधाण आलं, तर नदीचं पाणी जाणार कुठे? ते वळतं आणि बाजारात शिरतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. उधाण कधी ते भिंतीवरचं कॅलेंडर बघून समजतं, आणि वरच्या पावसाची खबर द्यायला माझी नणंद आहे. ती अलोऱ्याला वसाहतीत राहते. तिचा फोन आला की मी चुलीवरचं दूधसुद्धा तसंच सोडून उठते.

एका वर्षी मात्र सगळं कळूनही काही करता आलं नव्हतं. आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. पाणी मागच्या दाराने आलं ते बघता बघता खाटेखाली गेलं आणि खाट ह्यांच्यासकट हलायला लागली. मी खाटेचा पाय धरून ओरडत होते. शेजारचे दोघे भाऊ छातीएवढ्या पाण्यातून आले. थोरला कुवेतची नोकरी सोडून कायमचा परत आलेला, धाकट्याचं मच्छीचं दुकान. त्यांनी ह्यांना खांद्याला आणि पायाला धरून, पोतं ओढावं तसं जिन्यावर ओढलं. कठड्याला आपटून कपाळ फुटलं. जीव वाचला, पण त्या दिवशी ह्यांचे डोळे मी बघितले आहेत. भीती नव्हती त्यांत, शरम होती.

रस्ता सुरू झाल्यावर मुलगा पुण्याहून आला. चिखल काढता काढताच म्हणाला, "आई, घर विकून टाकू. तिकडे लिफ्ट आहे, जवळ हॉस्पिटल आहे. पुढच्या खेपेला शेजारी आले नाहीत तर?" तो खोटं बोलत नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला. ह्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. पण न बोलता येणाऱ्या माणसाची मान कोण बघतं? मी मुलाला सांगितलं, "बाबा पुन्हा एकदा जरी पाण्यात सापडले, तर मी स्वतः पिशव्या भरीन आणि तुझ्या लिफ्टमध्ये येऊन बसेन. तोवर हे घर विकायचं नाव काढायचं नाही." त्याने ते मान्य केलं. त्याला वाटलं, एका पावसाळ्याचा प्रश्न आहे.

मग मी कंबर कसली. आगोट, म्हणजे पावसाच्या चार महिन्यांचा भरणा, आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या खालच्या कोठीत असतो. तो मी सगळा वर नेला. तांदूळ, मीठ, आमसुलं, कांदे, सुके बोंबील, सगळं झोपायच्या खोलीत. बोंबलांच्या वासाने पहिले दोन दिवस आमचे हे जेवलेच नाहीत. गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन, औषधं, घराचे कागद वर गेले. आणि ती खुर्ची. जुनी, सागवानी, हातांची. तिच्या हातांखाली दोन बांबू घालून काथ्याने आवळले, आणि शेजारच्या दोघांना म्हटलं, "आता ह्यांना वर न्या बघू. पाणी नसताना जमलं तर पाणी असताना जमेल."

ह्यांनी त्या दिवशी मला ज्या शिव्या घातल्या त्या अर्ध्या जिभेनेही स्पष्ट कळल्या. सारा जन्म बोटीवर गेलेला माणूस. समुद्र उभा राहिलेला बघितलेला. आणि त्याला नदीच्या पाण्यासाठी पाटीतल्या भोपळ्यासारखं उचलून न्यायचं, आळीदेखत. "मला... पाण्याचं... भय घालतेस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बोटीवर सरावाचा भोंगा वाजवून सगळ्यांना तरंगायचे पट्टे बांधून उभं करायचात, तेव्हा कोण बुडत होतं? तेव्हा ती शिस्त, आणि मी केली की वरात?" त्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. रुसले म्हणा. पण दर उधाणाला खुर्ची वर गेलीच. किती वेळा नेलं आणि किती वेळा पाणी आलंच नाही. आळीला तेवढंच हवं होतं. "काकी, आज ऊन पडलंय हो," असं कोणीतरी खालून हाक मारून सांगायचं. मी वरून त्यांना चहाला बोलवायची.

असे काही पावसाळे गेले, आणि मग तो गणपती आला.

आमचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे उधाण ठरलेलं. मुलगा विसर्जनासाठी आला होता. सकाळीच नणंदेचा फोन. "वहिनी, पहाटेपासून ओततोय नुसता. नाल्यांना तांबडं पाणी आहे. तुम्ही थांबू नका."

मी शेजारी हाक मारली आणि खुर्ची पुढे ओढली. तर ह्यांनी डाव्या हाताने दाराची चौकट धरली. "देव... आधी."

झालं असं, की आमच्या घरात उत्तरपूजा कर्ता पुरुष करतो. अक्षता वाहून मूर्ती जागेवरून जराशी सरकवायची, की देव निघाला. त्याआधी मूर्तीला कोणी हलवत नाही. आजारपणानंतरही डाव्या हाताने का होईना, हे काम ह्यांचंच. तेवढं एकच राहिलं होतं त्यांच्याकडे. आणि ते संध्याकाळी, आरती झाल्यावर. देव बसलेला असताना आपण वर जाऊन बसायचं, हे त्यांना मरण आलं तरी चाललं नसतं. मुलगाही त्यांच्याच बाजूने. "आई, लोक आरतीला येतील. त्यांच्यासमोर बाबांना असं उचलून न्यायचं कशाला? संध्याकाळपर्यंत काही होत नाही."

संध्याकाळपर्यंत. मला खाटेचा तो पाय आठवला आणि माझं डोकं फिरलं.

"देव आधी ना? बरं," असं म्हणून मी हातपाय धुऊन आले आणि ताम्हनातल्या अक्षता उचलल्या.

मुलगा मध्ये आला. "तू? आई, बायका नाही करत हे."

"बायकांनी घासलेल्या ताम्हनातलं तीर्थ घेतोस ना वर्षानुवर्षं? मग हो बाजूला."

मंत्र मला येत नाहीत. मी देवाला साध्या शब्दांत सांगितलं, की पाणी येतंय, ह्या माणसाला तुझ्याशिवाय उठवत नाही, तेव्हा तू ऊठ. पाप लागायचं तर मला लाव. अक्षता वाहिल्या, मूर्ती सरकवली आणि उचलून मुलाच्या हातात दिली. ह्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता. माझ्याकडे बघेनात. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांच्याकडचं शेवटचं काम मी त्यांच्या डोळ्यांसमोर हिसकावलं होतं. तरी मी त्यांचा हात चौकटीवरून सोडवला, एकेक बोट करून.

मुलगा देव वर ठेवून आला तोवर शेजारचे दोघे भाऊ आले होते. धाकट्याला दुकानातला माल हलवायला लगेच परतावं लागलं, तेव्हा बांबूंची मागची टोकं मुलाने धरली. पहिल्यांदाच. मधल्या वळणावर त्याला धाप लागली, पण त्याने बांबू खाली टेकवले नाहीत. ह्यांना वर टेकवून मी खाली येऊन मेन स्विच बंद केला.

दुपारी पाणी आलं, मागच्या दाराने, नेहमीसारखं. कोठीत गेलं, तिथे काही नव्हतं. मखराची रिकामी चौकट फिरवत फिरवत पडवीत घेऊन गेलं. मग जिन्याच्या पायऱ्या चढायला लागलं. आम्ही वर कोरडे बसून पिठलं-भात खाल्ला. शेजारचे दोघेही आपली माणसं गच्चीवर ठेवून आमची खबर घ्यायला पत्र्यांवरून आले होते. ह्यांनी भात खाल्ला, पण माझ्या हातून नाही, मुलाच्या.

संध्याकाळी पाणी मधल्या वळणाच्या खाली येऊन थांबलं. नदीवर जायची सोय नव्हती. पण मी म्हटलं, नदीवर जायचं कशाला? ती आली आहे ना घरात, न बोलावता? मग लावू तिला कामाला.

तिघांनी खुर्ची पुन्हा उचलली. अलगद मधल्या वळणापर्यंत उतरवून, घट्ट धरून ठेवली. मी मूर्ती ह्यांच्या मांडीवर दिली. आजारी पडल्यापासून ह्या माणसाने विसर्जन बघितलं नव्हतं. दरवर्षी दारात बसून देवाची पाठ बघायची, एवढंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सकाळपासून पहिल्यांदा. मग वाकले, आणि डाव्या हाताने देव आमच्याच जिन्यावर पाण्यात सोडला. शाडूची मूर्ती, जराशी डुलून खाली गेली.

"गणपती बाप्पा," मुलगा म्हणाला. दोघे भाऊ बांबू धरून "मोरया" म्हणाले.

पुढचं ह्यांनी म्हटलं. एकेक शब्द ओढत, पण मोठ्याने, बोटीवरून हाक मारावी तसं. "पुढच्या... वर्षी... लवकर या."

आणि मान वळवून मुलाकडे बघत म्हणाले, "इथंच."