पंक्चर नसलेली सायकल

आमच्या घरी सायकल होती आणि ती चालवणारं कोणी नव्हतं. मला येत नव्हती, आणि ज्यांना येत होती त्या बाबांचं डावं अंग लकव्यानं गेलं होतं.

बाबा मिलमध्ये जॉबर होते, एका खात्याचे मुकादम. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला आरसा पडला. आरसा फुटला म्हणून आई तोंड सोडायला गेली, तर आरशामागोमाग बाबाही खाली. दवाखान्यातून परत आले ते वाकडं तोंड, लोंबता हात आणि फरफटणारा पाय घेऊन. अख्ख्या खात्याला दटावणारा माणूस वरणभात सांडला की रडायला लागायचा. आई पदरानं त्यांचं तोंड पुसायची, मग त्याच पदरानं स्वतःचं. घरात मोठ्यानं बोलणंच बंद झालं. (माझं बोलणं तसंही कोणी ऐकत नव्हतं. मी बी.ए. होऊन घरीच होतो.)

रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, "रोज चालवा यांना. बसून राहिले तर पाय कायमचा गेला समजा."

मी काठी आणली. बाबांनी ती कोपऱ्यात उभी केली. "हे घेऊन मी सडकेवर जात नसतो."

कारण शोभा. माझ्या या धाकट्या बहिणीचं लग्न उमरेडच्या मुलाशी जुळत आलं होतं. पसंती झाली होती, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती, आणि मध्येच हे झालं. बाबांनी आम्हाला शपथ घातली. "उमरेडले कोणी कळवायचं नाही. लकव्यावाल्याची पोरगी कोण करते गा? पहिले चालतो, मंग बोलावतो त्याहिले."

"पण काठीशिवाय चालणार कसे?" आईनं विचारलं.

"सायकल घेऊन. काठी धरली का लोकं चाल पाहतात. सायकल धरली का सायकल पाहतात."

मिलमधला माणूस, डोकं यंत्रासारखं चालायचं. बाबा उजव्या हातानं हँडल धरायचे. मी मागून करिअर गच्च धरायचं, म्हणजे सायकल पळणार नाही आणि कलंडणारही नाही. बाबांच्या पायात नाडी आवळलेले कॅनव्हासचे बूट, कारण डाव्या पायात चप्पल टिकतच नसे. बाबांनी "हं" म्हटलं की मी सायकल वीतभर पुढे जाऊ द्यायची. मग त्यांचा डावा पाय, मग उजवा. मग पुन्हा "हं". माझं काम एकच, करिअर सोडायचं नाही.

पहिल्याच दिवशी समोरच्यांनी विचारलं, "पंक्चर झाली का जी?"

"हाव," बाबा म्हणाले.

त्या एका "हाव"नं आमचा घात केला. दुसऱ्या दिवशीही पंक्चर, तिसऱ्या दिवशीही पंक्चर! एकानं घरून पंप आणून टायर दगडासारखं करून दिलं. पंक्चरवाल्यानं बळंच ट्यूब काढून पाण्यात बुडवली, बुडबुडा काही आला नाही. त्यानं एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं ट्यूब परत बसवली. बाप-लेक मिळून एक धडधाकट सायकल ढकलतात, हे गल्लीत सगळ्यांना माहीत झालं. पायाकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही. तेवढं बाबांचं बरोबर होतं.

मग शेजारच्या गंगूबाईंनी करिअरवर गव्हाचा डबा ठेवला. "रोज रिकामीच नेता जी. चक्कीपाशी ठेवून द्या." बाबांना नाही म्हणता येईना. त्यांचं पाहून बाकीच्या बायाही डबे काढू लागल्या. बाबांचा व्यायाम आणि गल्लीचं दळण सोबतच सुरू झालं.

पाय मात्र तसाच फरफटत होता. घरी आले की बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. "वसंता," एकदा ते म्हणाले, "हा पाय आपला वाटतच नाही गा." मलाही तो त्यांचा वाटत नव्हता.

आणि एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी उमरेडचे काका उभे. मुलाचे काका. एसटीतून उतरलेले, डोक्यावर टोपी, हातात पिशवी.

"श्रावणजी, सायकल ओढून राहिले? पंक्चर?"

"हाव," बाबा म्हणाले. सवयच लागली होती.

"द्या इकडे. आम्ही मुलावाले झालो म्हणून का हात हलवत चालू?" आणि बाबा काही म्हणायच्या आत काकांनी हँडल धरून सायकल चालती केली.

माझे हात करिअरवर होते. सायकल निघाली, तसा मीही निघालो. काका एसटीतल्या गर्दीचं सांगत होते आणि मी "हो का, हो का" म्हणत होतो. असे आम्ही बरेच पुढे आलो. मग काकांनी मागे वळून पाहिलं.

बाबा सडकेच्या मधोमध एकटेच उभे होते. उजवा हात हँडल धरल्यासारखा तसाच वर. धावून धरावं, तर बिंग फुटणार. न धरावं, तर बाबा पडणार. मी हा विचार करत असतानाच बाबांनी डावा पाय उचलला. फरफटला नाही, उचलला. पुढे टेकवला. आजारपणानंतर मी ते पहिल्यांदाच पाहत होतो. मग त्यांनी उजवा उचलला आणि बाबा मटकन खाली बसले. बसले म्हणजे पडले.

काका हँडल सोडून धावले.

"चप्पल तुटली!" मी जागेवरूनच ओरडलो.

काकांनी बाबांच्या पायाकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. नाडी आवळलेले कॅनव्हासचे बूट.

बाबा तिथेच धुळीत रडायला लागले. "लपवलं जी तुमच्यापासून. लकवा झाला मले. पोरीचं तेवढं..."

काका त्यांच्याजवळ खालीच बसले. "आम्हाले कळलं होतं. उमरेडले काय लपून राहते? म्हणून तं पाहायले आलो. पण तुम्ही सायकल घेऊन सडकेवर दिसले, तं वाटलं लोकं खोटंच बोलून राहिले."

"आन् शोभा?"

"तिचं काय? आम्ही पोरगी पाहून हो म्हटलं. सुपारी कधी फोडता ते सांगा."

बाबांना जास्तच रडू आलं. काकांनी त्यांचा लोंबता हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्यांना उभं केलं. बाबांचे पाय थरथरत होते. मला मदतीला जायचं होतं, खरंच जायचं होतं. पण करिअर सोडलं की सायकल पडणार, एवढं एकच डोक्यात पक्कं बसलेलं. मी तोंड उघडं टाकून ती धरून ताठ उभा.

काकांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. मग आवाज अगदी बारीक करून बाबांना विचारलं, "आन् याले बी झाला होता का जी?"

बाबांनी डोळे पुसले. माझ्याकडे पाहिलं.

"नाही जी," ते म्हणाले. "तो पहिलेपासून असाच हाये."